प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’ नसतो

आमच्या थोरल्या वहिनी घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत राहतात. सकाळी साडेसहाला पायऱ्या उतरायच्या, लोकल पकडायची, मुलुंडला तीन घरी पोळी-भाजी करायची आणि दुपारी दोनपर्यंत परत यायचे, हा त्यांचा पंधरा वर्षांचा क्रम. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांच्या गल्लीत चिकुनगुन्याने घरटी एक तरी माणूस आडवा केला. त्यात वहिनीही सापडल्या. ताप चार दिवसांत गेला, पण सांधे धरले ते धरलेच. लाटणे फिरवताना मनगट वळेना, उतरताना कठडा धरावा लागे. तरी आठव्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या. खाडे आधीच पुष्कळ झाले होते.

महिनाभराने सांधे जरा सैल पडले आणि डावा डोळा लाल झाला. घरातल्यांनी पाहिले, शेजारणीने पाहिले, सगळ्यांचे एकमत झाले : डोळे आले. मुलुंडच्या एका घरी तर दारातूनच परत पाठवले, ‘बरे होईपर्यंत येऊ नका, आमच्याकडे लहान मूल आहे.’ त्यांचेही काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. डोळे आलेल्या माणसाला लांब ठेवावे हे आपण सगळेच शिकलो आहोत. पण रोजी बुडते ती ज्याचा डोळा लाल असतो त्याची. म्हणून वहिनी त्याच संध्याकाळी स्टेशनाजवळच्या एका मेडिकलमध्ये गेल्या आणि ‘डोळे आलेत, थेंब द्या’ म्हणाल्या. दुकानातल्या मुलाने फळीवरून एक बाटली काढून दिली. डॉक्टरची चिठ्ठी त्याने मागितली नाही आणि वहिनींनी दाखवली नाही.

थेंबांनी जादू केली. तिसऱ्या दिवशी डोळा पांढरा झाला, वहिनी कामावर गेल्या, बाटली फळीवर गेली. आठवडा गेला नाही तोच डोळा पुन्हा लाल झाला. पुन्हा दोन दिवस थेंब घातले, पुन्हा बरे वाटले. असे पाच आठवडे चालले. त्या काळात ती बाटली गल्लीतल्या आणखी तीन घरांत फिरून आली, कारण ‘वहिनींच्या थेंबांनी लगेच गुण येतो’ अशी तिची ख्याती झाली होती.

पुढे एका रात्री वहिनी म्हणाल्या, ‘ट्यूबलाइटभोवती कडे दिसते हो मला. आणि उजवा डोळा झाकला की तुमचा चेहराच दिसत नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना महापालिकेच्या रुग्णालयात नेले. केसपेपर काढला, रांगेत उभे राहिलो. अकराच्या सुमारास एका तरुण डॉक्टरबाईंनी त्यांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवायला लावली आणि उजेडाची बारीक चीर डोळ्यात टाकून बराच वेळ पाहिले. मग पहिला प्रश्न विचारला तो डोळ्याचा नव्हताच. ‘मावशी, दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला होता का?’

आजचा लेख लिहायला आम्हाला याच प्रश्नाने बसवले.

आतला डोळा सुजतो तेव्हा

आपण ज्याला ‘डोळे येणे’ म्हणतो, त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची आणि पापणीच्या आतली पातळ कातडी सुजते. म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली, एवढेच. पण बुबुळाच्या मागे, डोळ्याच्या पोटात, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. तो सुजला की त्याला डॉक्टर युव्हिआयटिस म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही डोळे लालच दिसतात. एकाची लाली आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते. दुसऱ्याची लाली आत जाळे विणत असते.

वहिनींच्या बाबतीत नेमके तसेच झाले होते. आतल्या सुजेमुळे बाहुलीची कडा मागच्या भिंगाला चिकटली होती. डोळ्यातला दाब वाढला होता. ट्यूबलाइटभोवती दिसणारे कडे हा त्या दाबाचाच निरोप होता.

तापाने हे होते कसे? शरीरात विषाणू शिरला की रक्तातले शिपाई त्याच्यावर तुटून पडतात. ताप उतरतो, पण ती लढाई तेवढ्यावर थांबतेच असे नाही. कधी विषाणूचा अंश डोळ्यात उरलेला असतो, तर कधी शिपायांना आपले आणि परके ओळखता येत नाही आणि ते डोळ्याच्या नाजूक थरावरच चाल करून जातात. म्हणून डोळ्याचा त्रास तापाबरोबरच सुरू होईल असे नाही. चिकुनगुन्यात तो ताप चालू असताना होऊ शकतो, तसाच काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही होऊ शकतो. तोवर माणूस ताप विसरून गेलेला असतो. ‘डोळ्याचा आणि त्या तापाचा काय संबंध?’ असे वहिनींनी डॉक्टरबाईंना विचारले, तेच आपल्यातल्या कुणीही विचारले असते.

चिकुनगुन्या आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षे तो देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ साली पुन्हा उसळला. मराठवाड्यात, विदर्भात गावेच्या गावे कंबरेत वाकली. या रोगाचे नावच मुळी आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ वाकून जाणे असा आहे. त्या साथीनंतर मदुराई आणि बंगळूरूच्या नेत्रतज्ज्ञांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या : ताप येऊन गेलेल्या माणसांच्या डोळ्यांत पुढची सूज, काहींच्या मागच्या पडद्यावर सूज, काहींच्या डोळ्याच्या मुख्य नसेला सूज. दिलासा इतकाच की वेळेवर उपचार मिळालेल्या बहुतेकांची नजर परत आली. ‘वेळेवर’ हा शब्द त्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आपल्या वस्त्यांना या तापाची भीती जास्त, कारण पाणी दिवसाआड आणि पिंपे भरून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. तो डास पिंपातल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. डेंग्यू पसरवणारा डासही हाच. डेंग्यूचा डोळ्यांवरचा मार निराळा असतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. ताप उतरून प्लेटलेट सावरू लागल्या की एखाद्याला नजरेच्या मध्यभागी डाग दिसतो, वाचताना मधलीच अक्षरे गायब होतात. अशक्तपणा आहे, जाईल, म्हणून लोक ते अंगावर काढतात.

औषध तेच होते

आता त्या बाटलीकडे येऊ. डॉक्टरबाईंनी ती आणायला सांगितली होती. त्यांनी नाव वाचले आणि स्वतः लिहिलेला कागद वहिनींपुढे धरला. कागदावर जे थेंब होते ते जवळजवळ त्याच जातीचे होते! वहिनी गोंधळल्या. ‘मग मी घालत होते त्यात काय वाईट होते?’

या जातीच्या औषधाला स्टिरॉइड म्हणतात. सूज दाबायची त्याची ताकद मोठी आहे. आतल्या सुजेवर तेच औषध आहे, पण ते पहिल्यांदा तासातासाला घालायचे असते, मग आठवड्या-आठवड्याने एकेक थेंब कमी करत बंद करायचे असते. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब द्यावे लागतात, म्हणजे ती चिकटत नाही. आणि दर भेटीला दाब मोजावा लागतो, कारण याच औषधाने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. वहिनींनी दोन दिवस घातले आणि एकदम सोडले. त्यामुळे सूज मेली नाही, नुसती झाकली गेली. वरून डोळा पांढरा, आत विस्तव तसाच.

एवढ्यावर संपले असते तर हा लेख एका बाटलीच्या गैरसमजाचा झाला असता. पण डॉक्टरबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, ‘ही बाटली घरात आणखी कुणी वापरली?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. गल्लीतली तीन घरे आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

त्या म्हणाल्या ते सांगतो. ताप येऊन गेल्यावर पुष्कळांच्या ओठाच्या कडेला बारीक पुळ्यांचा घोस उठतो आणि आठवड्यात सुकतो. तो हर्पिस नावाच्या विषाणूचा. हाच विषाणू कधी डोळ्याच्या काळ्या भागावरच्या पारदर्शक काचेवर उतरतो आणि तिथे झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. साध्या डोळ्यांनी ती दिसत नाही. डॉक्टर पिवळसर रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहतात तेव्हा फांदी उमटते. अशा डोळ्यात फक्त स्टिरॉइडचा थेंब पडला की शरीराचे शिपाई गप्प बसतात आणि विषाणूला मोकळे रान मिळते. फांदीचा मोठा चट्टा होतो, काच पातळ होते, भरून आली तरी डोळ्यात कायमचे फूल पडते. बाहेरून तो डोळाही लालच दिसतो. म्हणजे एका लाल डोळ्याला जे औषध, ते दुसऱ्या लाल डोळ्याला विष, आणि मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून या दोघांतला फरक कळायला मार्ग नाही. दुकानातल्या मुलाला नाही, आपल्याला तर नाहीच.

सुदैवाने आमच्या गल्लीतल्या तिघांचेही साधे डोळे आले होते. तरी साध्या डोळ्यांतही हे थेंब बरे नव्हेत. लाली कमी होते म्हणून माणूस खूश होतो, पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस टिकतो आणि तोवर घरात, कामावर आणखी चार जणांना मिळतो. कुणी असे थेंब महिनोन्‌महिने घालत राहिले, तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवून घेतात. खाजेसाठी लहान मुलांच्या डोळ्यात वर्षभर थेंब घालणाऱ्या आयांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

बाटलीवरचे नाव वाचता येणे अवघड नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, यांपैकी काही छापलेले असेल तर ते स्टिरॉइड. बऱ्याचदा ते एखाद्या जंतुनाशकाबरोबर एकाच बाटलीत असते, म्हणून दोन्ही नावे वाचावीत. ही औषधे कायद्यानेच चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आणि कुठलीही थेंबांची बाटली फोडल्यावर साधारण महिनाभरच चालते, शिवाय ती एकाच माणसाची असते.

डोळ्यांच्या साथी आणि एक जुनी आठवण

साथीचे डोळे हा आपल्या मुंबईचा जुना पाहुणा. वाचकांपैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांना १९७१ आठवत असेल. डोळे नुसते लाल नव्हे, तर पांढऱ्या भागात रक्ताचे डाग पडायचे. तो आजार १९६९ साली आफ्रिकेतल्या घाना देशात पहिल्यांदा ओळखला गेला. माणूस चंद्रावर उतरला तेच ते वर्ष, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला ‘अपोलो ११’ असे नाव दिले. पुढे तो आशियात पसरला. कलकत्त्याला पोहोचला तेव्हा बांगलादेशच्या लढ्याचा आणि निर्वासितांच्या लोंढ्यांचा काळ होता, म्हणून तिथे त्याचे नाव पडले ‘जॉय बांगला’. रोगालाही माणसे आपल्या काळाची नावे देतात!

मुंबईत त्या साथीत जे घडले ते मात्र थट्टेचे नव्हते. डोळे बरे झाले, लोक कामाला लागले, आणि काही दिवसांनी, कुणाला काही आठवड्यांनी, पाठीत-पायांत कळा येऊन पाय लुळे पडू लागले. पोलिओसारखे, पण मोठ्या धडधाकट माणसांत. मेंदू आणि मज्जातंतूंचे नामवंत डॉक्टर नोशीर वाडिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची माहिती जुळवली. प्रत्येकाच्या कहाणीत एक गोष्ट समान होती : काही दिवसांपूर्वी डोळे येऊन गेले होते. १९७२ आणि ७३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे जगापुढे मांडले. या साथीच्या विषाणूला पुढे एन्टेरोव्हायरस ७० हे नाव मिळाले, आणि तो पोलिओच्याच भावकीतला निघाला. १९८१ च्या मुंबईच्या साथीतही असे रुग्ण पुन्हा दिसले. संख्या थोडी होती, पण ज्यांचे पाय गेले त्यांतल्या काहींचे परत आले नाहीत.

ही आठवण घाबरवायला काढली नाही. हजारो-लाखोंचे डोळे आले आणि गेले, त्यांना काही झाले नाही. पण त्या वेळी डॉक्टरांना कोडे सुटले ते रुग्णाला मागचा आजार विचारल्यामुळे. पाय लुळा पडलेल्याला डोळ्याचे विचारले, तसे डोळा लाल झालेल्या वहिनींना तापाचे विचारले. आपण दवाखान्यात जातो तेव्हा आजचे दुखणे तेवढे सांगतो आणि मागचे पोटात ठेवतो. डॉक्टरला घाई असते, मागे रांग असते. तरी हे वाक्य न विचारताच सांगून टाकावे : ‘गेल्या तीन महिन्यांत मला अमुक ताप येऊन गेला.’ रक्ताचा रिपोर्ट असेल तर तो पुढे करावा. वहिनींचा चिकुनगुन्याचा रिपोर्ट गादीखाली होता. तो पहिल्या दिवशीच सोबत नेला असता तर बरे झाले असते.

२०२३ च्या पावसाळ्यातली साथ तर सगळ्यांच्या स्मरणात आहे. जुलैत आळंदीच्या बाजूने ओरड सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर, मुंबईच्या शाळाशाळांत मुले लाल डोळ्यांनी घरी बसली. तेव्हा काळ्या गॉगलची विक्री जोरात होती. डोळ्यात डोळे घालून पाहिले की डोळे येतात, ही आपली पक्की समजूत. ती खोटी आहे. नजरेतून काही जात नाही. जाते ते हातातून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि खुंटीवर दोन टॉवेल असले की एकाचे डोळे सहांना मिळतात. गॉगलचा उपयोग इतकाच की उजेड कमी लागतो आणि हात सारखा डोळ्याकडे जात नाही. डोळे आलेल्याने स्वतःचा वेगळा फडका ठेवावा, तो उकळून उन्हात वाळवावा, साबणाने हात धुवावेत, उकळून गार केलेल्या पाण्याने चिपडे पुसावीत. बहुतेकांना याहून जास्त औषधाची गरज लागत नाही. यात एक अपवाद आहे. ॲडेनो नावाच्या विषाणूने डोळे आले असतील, तर लाली गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काचेवर बारीक बारीक ठिपके उमटू शकतात आणि कित्येक महिने धुरकट दिसते. डोळे बरे होऊनही बारीक अक्षर किंवा सुईचे भोक दिसेना झाले, तर शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी नुसता चष्म्याचा नंबर वाढला असे समजू नये.

कपाळावरची नागीण, लेकराचा गोवर

ज्याला कांजिण्या येऊन गेल्या त्याच्या शरीरात तो विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो. म्हातारपणी, नाहीतर मधुमेहाने किंवा दुसऱ्या आजाराने अंग खंगले की तो जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेने पुरळाचा पट्टा उठवतो. हीच नागीण. छातीवर उठली तर आग-आग होते, पण डोळ्याला धोका नाही. कपाळावर आणि डोक्याच्या अर्ध्या भागावर उठली तर ती डोळ्याच्याच नसेवर असते. नाकाच्या शेंड्यावर एक जरी फोड दिसला तरी समजावे की डोळा सापडण्याची शक्यता फार आहे, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच नसेची फांदी जाते.

यावरचे गोळीचे औषध चांगले आहे, पण ते पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर खरा गुण. आणि नेमके हेच तीन दिवस आपण नागीण ‘उतरवण्यात’ घालवतो. तिचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, म्हणून कुणी गेरूचा लेप लावतो, कुणी मंत्र घालणाऱ्याकडे नेतो. देव्हारे आपण घरातून कधीचे हलवले, पण ही नागीण अजून काही घरांत ठाण मांडून आहे, हे आम्ही आमच्याच नात्यात पाहिले आहे. पुरळ एका बाजूलाच राहते, कारण नस एका बाजूची असते. तोंड-शेपटी जुळण्याचा प्रश्नच येत नाही.

लहान मुलांत गोवराचा धोका मोठा. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत गोवराची साथ पेटली आणि मुले दगावली. गोवरात डोळे लाल होतात, पाणी गळते, मूल उजेडाकडे पाहत नाही. पण अंगात अ जीवनसत्त्व कमी असेल तर गोवर डोळ्याची काचच विरघळवतो. देशात कित्येक पिढ्यांची मुले अशी आंधळी झाली आणि आपण ‘देवीचा कोप’ म्हणून गप्प बसलो. गोवर झालेल्या मुलाला वयाप्रमाणे अ जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. डोळ्यांवर खुणा दिसत असतील तर काही आठवड्यांनी तिसरा. तो मागून घ्यावा. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा, आणि अ जीवनसत्त्वाचे डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, हे महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. डोळ्यात बाळाच्या आईचे दूध, मध, गुलाबपाणी, काजळ यांपैकी काहीही घालू नये.

जाता जाता एक गोष्ट. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्यांना, गटारसफाई करणाऱ्या बांधवांना होणारा लेप्टो हा विषाणूचा नाही, जिवाणूचा आजार. पण तोही बरा झाल्यावर काही महिन्यांनी डोळ्याच्या आत सूज आणू शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टो पुरेपूर पाहिला आहे. तेव्हा डॉक्टरला मागचा ताप सांगताना लेप्टोही सांगावा.

घरी काय पाहावे

डॉक्टरबाईंनी वहिनींना सांगितले ते आम्ही आमच्या गल्लीत सांगत फिरलो. साथीच्या डोळ्यांत खुपते, वाळू गेल्यासारखे वाटते, सकाळी पापण्या चिकटतात, आणि बहुधा एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही येतो. चिपडे पुसली की दिसते मात्र स्वच्छ. आतली सूज असेल तर चिपडे फारशी नसतात. डोळा खोलवर ठणकतो, उजेड सोसवत नाही, लाली बुबुळाच्या कडेने गोल जास्त असते, आणि नजर धूसर होते. एक हात चांगल्या डोळ्यावर ठेवावा आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचावी. मग हात बदलावा. फरक पडला तर मेडिकलचा जिना चढू नये. त्या दिवशीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. ठणका, उजेडाचा त्रास, धूसर नजर यांतले एक जरी असले तरी तेच.

घाटकोपरचे राजावाडी, पश्चिमेकडच्यांना विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवली-कांदिवलीच्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, ज्याला सगळे शताब्दी म्हणतात, मध्य रेल्वेवरून शीवचे लोकमान्य टिळक, ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. कामाठीपुऱ्यात तर महापालिकेचे खास डोळ्यांचे मुरली देवरा रुग्णालय आहे. बाह्यरुग्ण विभागाला सकाळी लवकर जावे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार-सहा तास जवळचे दिसत नाही, म्हणून सोबत माणूस असावा आणि त्या दिवशी शिलाई यंत्र, वेल्डिंग, रिक्षा यांच्या नादी लागू नये. एका दिवसाचा खाडा होतो खरा. वहिनींचा एकूण हिशेब आम्ही केला : सुरुवातीला वेळ वाचवला आणि नंतर डोळ्यासाठी त्यांना अकरा खाडे पडले. मुलुंडचे एक घर कायमचे सुटले.

ते घर त्यांना आजही बोचते, कारण त्यांच्या डोळ्यापासून त्या घरातल्या मुलाला काहीच होणार नव्हते. आतली सूज संसर्गाने पसरत नाही. डॉक्टरबाईंकडून तसे दोन ओळींचे लिहून आणून त्यांनी उरलेल्या दोन घरी दाखवले. एका बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘मग तुम्ही आधी का नाही सांगितले?’ वहिनी काय सांगणार? त्यांनाच ठाऊक नव्हते.

आता दाब उतरला आहे. कॅलेंडरातली तारीख डाव्या डोळ्याने वाचता येते, खालची बारीक तिथी नाही. बाहुली मात्र गोल राहिली नाही, एका कडेला ओढल्यासारखी आहे. आरशात पाहताना त्या तेवढे पाहतात. केसपेपर, चिकुनगुन्याचा रिपोर्ट आणि थेंबांची रिकामी बाटली त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. पुढची तारीख महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची. सकाळची लोकल त्या दिवशी चुकणार, तसे त्यांनी दोन्ही घरी आधीच सांगून ठेवले आहे.